शेवटच्या थराचं काय होतं? अणूंची भिंत आणि पाव विटेचा हिशोब



आजचा विषय कुठल्याच इयत्तेच्या पुस्तकात नाही. तरी लिहितेय, कारण सातवीच्या वर्गात मी एका मुलीला चुकीचं उत्तर दिलं होतं आणि ते दुरुस्त करायला मला तीन आठवडे लागले. तिला वर्गात दुरुस्ती सांगून झाली आहे. पण तेच चुकीचं उत्तर आपल्यापैकी बरेच जण देत असणार अशी मला दाट शंका आहे, म्हणून हा लेख.

झालं असं. फळ्यावर मिठाच्या स्फटिकाचं चित्र काढलं होतं. एक सोडियम, एक क्लोरीन, पुन्हा सोडियम, पुन्हा क्लोरीन, बुद्धिबळाच्या पटासारखं. चारी बाजूंना तीन-तीन टिंबं दिली, म्हणजे "असंच पुढे चालू". एका मुलीनं हात वर केला. तिचे वडील गवंडीकाम करतात. म्हणाली, "बाई, ही टिंबं संपतात कुठं? भिंत संपते तिथं बाबा अर्धी वीट लावतात, नाहीतर कड नीट येत नाही. अणूंची भिंत संपते तिथं काय लावतात?"

मी म्हटलं, "अगं, वडी कापली की कापलेली बाजू आतल्यासारखीच दिसते ना? तसंच. जिथं कापलं तिथं संपलं." मुलगी खाली बसली. पण तिचा चेहरा काही पटल्यासारखा नव्हता, आणि तो चेहरा घरी माझ्याबरोबर आला.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं, की मिठाच्या बाबतीत माझं उत्तर बऱ्यापैकी चालतं. पण धातूंच्या कितीतरी ऑक्साइडांच्या बाबतीत ते साफ चूक आहे. तिथं खरोखरच कडेला वेगळी वीट लावावी लागते. किती वेगळी याचा हिशोब आहे, आणि तो सातवीच्या मुलाला करता येतो!

आधी मीठ बघू. खडा मीठ भिंगाखाली धरलं तर चौकोनी ठोकळे दिसतात. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर अणूंचा जो थर असतो, त्यात सोडियम आणि क्लोरीन सारख्याच संख्येनं असतात. सोडियमचा प्रभार धन, क्लोरीनचा ऋण. (हे अणू नाहीत, आयन आहेत, वर्गात मी दोन्ही शब्द वापरते, पण मुलांना फरक एकदा सांगून ठेवावा.) बेरीज केली की थराचा एकूण प्रभार शून्य. त्याखालचा थरही शून्य. म्हणजे कुठंही थांबलं तरी चालतं. म्हणूनच मीठ अशा सपाट बाजूंनी खुशाल संपतं.

आता त्याच ठोकळ्याचा एक कोपरा तिरपा कापला अशी कल्पना करा. उघड्या पडलेल्या त्रिकोणी जागेवर काय दिसेल? सगळे सोडियमच. त्यांच्या खालच्या थरात सगळे क्लोरीनच. मग पुन्हा फक्त सोडियम. इथं थर शून्य राहिला नाही. एक थर पूर्ण धन, एक पूर्ण ऋण. अशा बाजूला ध्रुवीय पृष्ठभाग म्हणतात. हार्वेल इथल्या ब्रिटिश अणुसंशोधन केंद्रात काम करणाऱ्या पी. डब्ल्यू. टास्कर यांनी १९७९ साली आयनिक स्फटिकांच्या पृष्ठभागांचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात प्रत्येक थरच शून्य प्रभाराचा, मिठाच्या सपाट बाजूसारखा. दुसऱ्यात थरांना प्रभार असतो, पण ते सँडविचसारखे जमलेले असतात. सिरियम ऑक्साइडमध्ये ऑक्सिजन-सिरियम-ऑक्सिजन असं त्रिकूट जमतं. वरून पाहा की खालून, सारखंच. तिथंही कापायला अडचण नाही. तिसऱ्या प्रकारात धन-ऋण, धन-ऋण अशा जोड्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या असतात. सगळी भानगड या तिसऱ्या प्रकारात आहे.

तिसऱ्या प्रकारातलं आपल्या घरातलं उदाहरण म्हणजे झिंक ऑक्साइड. बाळाला लंगोटाचं पुरळ उठलं की जे पांढरं घट्ट मलम लावतो, त्यात ते असतं. कॅलामाइन लोशनमध्येही असतं. जस्त आणि ऑक्सिजन, एकास एक. याच्या स्फटिकात एका दिशेनं पाहिलं तर जस्ताचा थर, लगेच ऑक्सिजनचा थर, मग थोडी मोठी फट, पुन्हा जस्त, लगेच ऑक्सिजन, मोठी फट, अशी रचना दिसते. जवळची फट सुमारे ०.०६ नॅनोमीटर, लांबची सुमारे ०.२ नॅनोमीटर. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) ढोबळमानानं एकास तीन धरू. स्फटिकाची एक बाजू जस्तावर संपते आणि समोरची ऑक्सिजनवर. या दोन बाजू एकाच पदार्थाच्या असूनही इतक्या वेगळ्या वागतात, की आम्लात टाकल्यावर त्या वेगवेगळ्या वेगानं झिजतात.

आता वही-पेन्सिल घ्या. खरंच घ्या, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

जस्ताच्या प्रत्येक थराला +४ गुण द्या, ऑक्सिजनच्या थराला −४. लहान फटीची रुंदी १, मोठीची ३. आता जस्ताच्या बाजूनं आत चालत जायचं. नियम एकच: जेवढे थर मागे पडले त्या सगळ्यांच्या प्रभारांची बेरीज करायची आणि पुढच्या फटीच्या रुंदीनं गुणायचं. उत्तर धन आलं तर तेवढं चढायचं, ऋण आलं तर तेवढं उतरायचं. (मोठ्या वर्गांना शिकवणाऱ्यांनी ओळखलं असेल, की हा विभवांतराचाच हिशोब आहे. लहानांना चढ-उतार पुरेसा आहे.)

पहिला थर +४. पुढची फट १. चार गुणिले एक, म्हणजे ४ पायऱ्या चढलो. पुढचा थर −४, बेरीज शून्य. पुढची फट ३ असली तरी शून्य गुणिले तीन शून्यच. सपाट चाललो. पुन्हा +४, पुन्हा ४ पायऱ्या वर. पुन्हा सपाट. म्हणजे जस्त-ऑक्सिजनच्या प्रत्येक जोडीमागे आपण ४ पायऱ्या चढतो, आणि उतरण कधीच येत नाही. दहा जोड्या, ४० पायऱ्या. शंभर जोड्या, ४००. आलेख कागदावर काढला तर जिना तयार होतो, आणि स्फटिक जितका जाड तितका जिना उंच.

ही उंची खऱ्या व्होल्टमध्ये काढता येते. जस्तावर पूर्ण दोन धन प्रभार आणि ऑक्सिजनवर पूर्ण दोन ऋण प्रभार धरले, आणि बाकी कशाचाही अडसर धरला नाही, तर एका जोडीमागे साधारण २४ व्होल्ट येतात. एक मिलिमीटर जाड स्फटिकात अशा जोड्या किती? सुमारे ३८ लाख. गुणाकार केला तर नऊ कोटी व्होल्टच्या आसपास! आपल्या घरात २३० व्होल्ट असतात. अर्थात प्रत्यक्षात जस्तावरचा प्रभार पूर्ण दोन नसतो आणि मधला पदार्थही विरोध करतो, त्यामुळे आकडा बराच कमी होईल. पण पायरी कितीही लहान केली तरी जिना संपत नाही, तो वाढतच जातो. आणि झिंक ऑक्साइडमधला इलेक्ट्रॉन जागेवरून उठवायला तीन-साडेतीन व्होल्टचा धक्का पुरतो. म्हणजे काही थरांतच सगळी मांडणी कोसळायला हवी.

तरीही मलमाची ट्यूब कपाटात शांत पडलेली असते. मग चुकतंय कुठं?

चुकतंय ते माझ्या उत्तरात. "जिथं कापलं तिथं संपलं" हे गृहीतकच चूक आहे. आतले थर जसे आहेत तसाच शेवटचा थर असता, तर तो स्फटिक टिकलाच नसता.

आता दुसरा हिशोब करा. बाकी सगळं तेच, फक्त सगळ्यात बाहेरचा जस्ताचा थर +४ ऐवजी +३ धरा. आणि पलीकडच्या टोकाचा ऑक्सिजनचा थर −४ ऐवजी −३.

पहिला थर +३. फट १. तीन पायऱ्या चढलो. पुढचा थर −४, बेरीज −१. फट ३. एक गुणिले तीन, तीन पायऱ्या उतरलो. जमिनीवर आलो! पुढचा थर +४, बेरीज +३. पुन्हा तीन वर. मग −४, बेरीज −१, पुन्हा तीन खाली. असं कितीही आत जा, वर-खाली वर-खाली, पण जिना नाही. आणि शेवटच्या −३ ला बेरीज बरोबर शून्य होते.

हे पहिल्यांदा वहीत जमलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले. लाखो थर आहेत, आणि दुरुस्ती फक्त दोन टोकांच्या दोन थरांत. तीही केवढी? चारातून एक. पाव. त्या मुलीच्या बाबांची अर्धी वीट आठवली. इथं पाऊण वीट लागते, एवढाच फरक.

वर्गात करताना एक गोष्ट सांभाळा. आधी मुलांना स्वतःच आकडा शोधू द्या. माझ्या वर्गात कुणी २ घेतला, कुणी १, एकानं ० घेऊन पाहिलं. ० घेतला की जिना उलटा, खाली खाली जातो. २ घेतला तरी खालीच जातो. ३ वर आल्यावर जो आवाज झाला त्यानं शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या.

आता खरा प्रश्न. पाव प्रभार कमी करायचा म्हणजे स्फटिक करतो काय? अणूवरचा प्रभार काही पेन्सिलीनं खोडता येत नाही. इथून पुढचं वाचताना मला सर्वात जास्त मजा आली.

एक सरळ उपाय असा, की शेवटच्या थरातले चारातले एक जस्त गायबच करायचे. चार जस्ताच्या जागी तीन राहिले की सरासरी प्रभार +४ वरून +३ वर आला. २००३ साली ओल्गा दुलुब, उल्रिके डीबोल्ड आणि जॉर्ज क्रेसे यांनी हे प्रत्यक्ष दाखवलं. दुलुब आणि डीबोल्ड तेव्हा अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात होत्या, क्रेसे व्हिएन्नात. त्यांनी स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपनं झिंक ऑक्साइडची जस्ताची बाजू पाहिली. हे यंत्र म्हणजे डोळ्यांनी बघणारं नव्हे, अगदी बारीक सुई पृष्ठभागाजवळून फिरवून चढउतार टिपणारं. त्यांना सपाट मैदान दिसलंच नाही. सगळीकडे त्रिकोण! त्रिकोणी खड्डे, त्रिकोणी उंचवटे, खड्ड्याच्या आत आणखी छोटे त्रिकोण. खोली मात्र एकाच जोडीएवढी, म्हणजे सुमारे पाव नॅनोमीटर.

त्रिकोणच का? कारण खड्ड्याच्या कडा ऑक्सिजनच्या ठेवायच्या असतात, आणि या स्फटिकात तशा कडा तीनच दिशांना मिळतात. पण कडा ऑक्सिजनच्या ठेवल्यानं फायदा काय? इथं आपल्या गणिताच्या पुस्तकातल्या त्रिकोणी संख्या कामाला येतात: १, ३, ६, १०, १५. तीन ओळींचा त्रिकोणी खड्डा काढायचा तर वरचे जस्त किती निघतील? एक अधिक दोन अधिक तीन, सहा. त्यांच्याखालचे ऑक्सिजन मात्र एक ओळ कमी, म्हणजे एक अधिक दोन, तीनच निघतात. बाकीचे कडेला राहतात. सहा जस्त गेले, तीन ऑक्सिजन गेले. निव्वळ तीन जस्त कमी झाले. चार ओळींचा खड्डा केला तर दहा आणि सहा, फरक चार. पाच ओळींचा, पंधरा आणि दहा, फरक पाच. जितक्या ओळी तितके जस्त कमी. असे पुरेसे खड्डे पृष्ठभागभर विखुरले, की चारातले एक जस्त कमी झाल्याचा परिणाम साधतो. त्रिकोणी संख्या शिकवताना मुलं विचारतात, "बाई, याचा उपयोग काय?" आतापर्यंत मी बोलिंगच्या पिन्स रचून दाखवायचे. आता हे सांगते.

दुसऱ्या बाजूचं, ऑक्सिजनच्या टोकाचं, काम वेगळ्या मार्गानं चालतं. तिथं काढून टाकण्याऐवजी बाहेरून उसनं घेतलं जातं. हवेत, पाण्याच्या वाफेत, अगदी चांगल्या निर्वातातही थोडा हायड्रोजन असतोच. तो ऑक्सिजनवर येऊन बसतो. आपल्या हिशोबात ४ म्हणजे खरे दोन प्रभार, म्हणून हायड्रोजनचा एक प्रभार आपल्या हिशोबात २ होईल. दोन ऑक्सिजनचे मिळून −८. त्यातल्या एकावर एक हायड्रोजन बसला, +२. राहिले −६. दोघांत वाटून प्रत्येकी −३. जुळलं! म्हणजे एक सोडून एक ऑक्सिजनवर हायड्रोजन बसला की हिशोब पूर्ण.

याचा इतिहास मजेशीर आहे. पूर्वी ही ऑक्सिजनची बाजू अगदी स्वच्छ, आतल्यासारखीच सरळ आहे असं मानलं जायचं; तपासणीत तसंच दिसायचं. अडचण अशी, की हायड्रोजन इतका हलका, की इलेक्ट्रॉनांचा मारा करून पृष्ठभाग तपासायच्या पद्धतींना तो जवळजवळ दिसतच नाही. जर्मनीत बोखुमला क्रिस्टोफ वोल यांच्या गटानं इलेक्ट्रॉनांऐवजी हेलियमचे अणू हळूच आपटवून पाहिले. २००२ मध्ये त्यांनी दाखवलं, की ज्याला सगळे स्वच्छ म्हणत होते तो पृष्ठभाग हायड्रोजननं झाकलेला आहे. हायड्रोजन काढून टाकला तर पृष्ठभाग साधा राहतच नाही, दर तिसऱ्या ओळीला पुन्हा येणारी वेगळी नक्षी घेतो. हे वाचल्यावर मला माझ्या चुकीचं जरा कमी वाईट वाटलं. मोठ्या मोठ्या प्रयोगशाळांनाही "जिथं कापलं तिथं संपलं" असंच दिसत होतं.

तिसरा मार्ग फक्त अगदी पातळ थरांना जमतो. जिना चढायचाच नसेल तर पायऱ्याच सपाट कराव्यात. चांदीवर झिंक ऑक्साइडचे एक-दोनच थर वाढवले, तर जस्त आणि ऑक्सिजन वर-खाली राहण्याऐवजी एकाच पातळीत येऊन बसतात. लहान फटीची रुंदी १ वरून ०. शून्यानं गुणलं की पायरी शून्य. २००७ साली हे प्रयोगात दिसलं. थर वाढत गेले की मात्र सपाट राहणं परवडत नाही आणि नेहमीची रचना परत येते.

चौथा मार्ग सर्वात गाजलेला. अणू हलत नाहीत, बाहेरून कुणी येत नाही, इलेक्ट्रॉनच एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकतात. २००४ साली अकिरा ओहतोमो आणि हॅरोल्ड ह्वांग यांनी स्ट्रॉन्शियम टायटॅनेटवर लँथॅनम ॲल्युमिनेट चढवलं. दोन्ही पदार्थ विजेचे दुर्वाहक. पण त्यांच्या सांध्यातून वीज सुरेख वाहू लागली! खालच्या पदार्थाचे थर शून्य प्रभाराचे, वरच्याचे आळीपाळीनं धन-ऋण. म्हणजे जिना सांध्यापासून सुरू. जिना एका उंचीला पोचला की इलेक्ट्रॉन सांध्याकडे उतरतात आणि तिथं वाहायला मोकळे होतात, असं स्पष्टीकरण दिलं गेलं. २००६ मध्ये आढळलं की वरचे थर तीन असेपर्यंत सांधा दुर्वाहकच राहतो, चार झाले की एकदम वाहक होतो. जिन्याच्या कल्पनेला हे छान जुळतं. मात्र सगळं श्रेय इलेक्ट्रॉनांच्या सरकण्याला द्यायचं, की काही ऑक्सिजन निसटल्याचा आणि सांध्यात अणूंची सरमिसळ झाल्याचाही वाटा आहे, यावर जाणकारांत अजून वाद आहे. मुलांना सांगताना तो वादही सांगावा असं माझं मत. विज्ञान म्हणजे सगळं ठरून गेलेलं, असा त्यांचा समज आपणच करून देतो.

हे सगळं शाळेत कुठं बसवायचं? दोन जागा सुचवते.

मॅग्नेशियमची फीत जाळायचा प्रयोग आपण सगळेच करतो. डोळे दिपवणारा प्रकाश, पांढरा धूर, मागे पांढरी राख. आपण लिहून देतो "मॅग्नेशियम ऑक्साइड तयार झाले" आणि पुढच्या प्रयोगाला लागतो. तो धूर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला तर त्यात इवले इवले चौकोनी ठोकळे दिसतात. मॅग्नेशियम ऑक्साइडची रचना मिठासारखीच आहे, त्यामुळे ठोकळ्याच्या सपाट बाजू शून्य प्रभाराच्या. निसर्गानं सोपी बाजू निवडली. पण हे ठोकळे पाण्याच्या संपर्कात राहिले, की त्यांचे कोपरे कापले जाऊन तिरप्या, ध्रुवीय बाजू दिसू लागतात. पाण्यानं काय दिलं असेल? मॅग्नेशियम ऑक्साइडच्या तिरप्या बाजूत सगळ्या फटी सारख्या, म्हणजे एकास एक. मघाचाच हिशोब फटी १ आणि १ धरून मुलांना करायला द्या. बाहेरचा थर किती असावा? उत्तर २ येतं, म्हणजे निम्मं. आता ऑक्सिजनच्या −४ वर प्रत्येकी एक हायड्रोजन बसवून बघा, +२. राहिले −२. एकही ऑक्सिजन रिकामा न सोडता हिशोब बरोबर बसतो. पाणी तेच पुरवतं. गवंड्याच्या मुलीची अर्धी वीट इथं तंतोतंत सापडली.

दुसरी जागा स्फटिक बनवण्याचा प्रयोग. साध्या पाण्यात मीठ विरघळवून वाटी ठेवली की चौकोनी स्फटिक येतात. १७८३ साली रोमे द लील या फ्रेंच अभ्यासकानं नोंदवलं, की मानवी मूत्रात मिठाचे स्फटिक वाढवले तर ठोकळे न येता अष्टफलक येतात, म्हणजे दोन पिरॅमिड तळाशी चिकटवल्यासारखे आठ त्रिकोणी बाजूंचे. मूत्रातला युरिया त्या तिरप्या बाजूंना धरून बसतो आणि एरवी न टिकणाऱ्या बाजू टिकतात. मीठ ऑक्साइड नाही, पण गोष्ट तीच: ध्रुवीय बाजूला बाहेरून कुणीतरी हात दिला. (वर्गात ही गोष्ट सांगितलीत तर पुढची पाच मिनिटं हसण्यात जाणार, हे धरून चला.) गावाकडे खताचा युरिया घरोघरी असतो. मिठाच्या पाण्यात तो भरपूर विरघळवून आम्ही वाटी ठेवली होती. पूर्ण अष्टफलक काही मिळाले नाहीत, पण बऱ्याच खड्यांचे कोपरे कापल्यासारखे दिसले. साध्या मिठाची वाटी शेजारी ठेवा, म्हणजे फरक कळतो. युरिया मोठ्यांनीच हाताळावा, आणि वाट्या पुन्हा खाण्यासाठी वापरू नयेत. पालकांनी घरी केलं तरी हे पाळावं.

तीन आठवड्यांनी मी त्या मुलीला फळ्यावर बोलावलं. सगळ्यांसमोर म्हटलं, "त्या दिवशी मी वडीचं सांगितलं होतं, ते चुकलं होतं. तुझ्या बाबांची वीट बरोबर होती." मग जिन्याचा हिशोब केला, त्रिकोण काढले, सहा जस्त आणि तीन ऑक्सिजन मोजले. ती फळ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता संपलं.

"बाई, मग ते काढलेले सहा जस्त गेले कुठं?"

या वेळी मी लगेच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दिलं. प्रयोगशाळेत स्फटिक साफ करून निर्वातात तापवतात तेव्हा काही अणू उडून जातात, काही सरकून शेजारी त्रिकोणी उंचवटे बांधतात. त्या उंचवट्यांच्या कडाही ऑक्सिजनच्याच असतात, म्हणजे तिथंही जस्त कमीच. पण स्फटिक मुळात वाढत असतो तेव्हा कुणी कुणाला काढत नाही. कडेच्या त्या जागांवर जस्त येऊन बसतच नाही.

"म्हणजे बाबा वीट तोडतात, तसं नाही," ती म्हणाली. "ती जागा आधीपासूनच रिकामी."